रज्जाकची लवंग

रज्जाकला मी घडवला, असं आजकाल जो तो म्हणतो. परवा एक मोबाइलवाला पत्रकार घरी आला आणि म्हणाला, "वस्ताद, रज्जाकभाईले पहिला माइक तुमीच देल्ला ना?" मी म्हटलं, बस, चहा पी आणि नीट ऐक. मी त्याच्या हातातून माइक काढून घेतला होता. भर कुस्तीच्या मैदानात, सगळ्या लोकांसमोर. आणि बरोबर केलं होतं. आज तीच वेळ आली तर आजही तेच करीन.

त्यानं ते काही छापलं नाही. म्हणून मीच लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी तालमीत गेली. पण खोटं खपत नाही मला, मग ते माझ्या कौतुकाचं का असेना.

रज्जाक मूळचा भाजीच्या हर्रासातला, म्हणजे लिलावातला. मेहकरच्या बाजारात सकाळी मालाचे ढीग लागले की अडत्याच्या शेजारी पालथ्या कॅरेटवर हा उभा राहायचा आणि बोली पुकारायचा. अंगानं बारीक, उंचीनं बेताचा, खांद्यावर चौकड्याचा दुपट्टा. एवढ्याशा छातीत तो आवाज कुठून यायचा कोण जाणे. टमाट्याच्या ढिगाजवळ बोलला की बाहेर चहाच्या गाडीवर भाव कळायचा. दाढेखाली कायम लवंग. लवंगेनं घसा राहतो असं त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं. बापही हर्रासच बोलायचा.

त्याची एक खोड मी तेव्हाच पाहिली होती. मालाला तो कधी वाईट म्हणायचा नाही. पिवळी पडलेली मेथी असली तर म्हणायचा, "थकलेली मेथी, बोला!" किडकं वांगं असलं तर, "जरा जखमी हाय, पन वांगं हाय!" व्यापारी हसायचे. एकानं एकदा म्हटलं, "अबे, सडकं हाय त सडकं म्हन ना सरळ."

रज्जाक म्हणाला, "ज्यानं पिकवलं तो इथंच उभा हाय ना बे बाजूले. त्याच्या तोंडावर कसं म्हनू?"

आणि भाव ठरला की उजवा हात वर करून, "एक वार… दोन वार… तीन वार!" तिसऱ्या वाराला हात खाली यायचा आणि माल ज्याचा त्याचा. तिसऱ्या वारानंतर देव आला तरी बोली उघडत नसे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातच आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. करीला आमच्या गावात कुस्त्यांची दंगल भरते. मातीवरची कुस्ती, गुणबिण काही नाही. दोन्ही खांदे मातीला टेकले की चीत. टेकले की नाही हे सांगणारा पंच, आणि कितीतरी वर्षं तो पंच मी होतो. माझी पद्धत एकच. मी खाली बसायचो आणि खालच्याच्या खांद्याखाली हात सरकवायचो. हात आत जातो तोवर कुस्ती चालू. हात गेला नाही की शिट्टी. माझ्या शिट्टीवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही.

माइकवर बोलायला एक गुरुजी असायचे. ते कविता म्हणायचे. पैलवानांनी डाव टाकून उलटवला तरी गुरुजींची पहिलीच ओळ चालू. एका वर्षी ऐन करीला त्यांचा घसा बसला. दंगल कमिटीचे अध्यक्ष दिनकरराव इकडे तिकडे माणूस शोधू लागले, तेव्हा गर्दीतून रज्जाक पुढे आला. दर वर्षी तो बघायला यायचाच. पोरगा होता तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून यायचा, हे मी पाहिलेलं आहे.

"मले एक चान्स द्या," तो दिनकररावांना म्हणाला. "बोलनं मायं कामच हाय."

दिनकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बोलू द्या. कवितेपेक्षा बरा."

पहिल्या कुस्त्यांना त्यानं मैदान हसवून सोडलं. पैलवान आखाड्यात आला की हा सुरू, "हा पाहा देऊळगावचा माल! एकदम कडक! दाबून पाहा, कुठं नरम लागला त वापस घेतो!" एका पैलवानाला ते झोंबलं. तो लंगोट बांधता बांधता मंचाकडे वळून म्हणाला, "ए, मी काय भोपळा हाय काय बे?" रज्जाक माइकवरच म्हणाला, "माफी द्या पैलवान, सवय हाय." लोक अजून हसले. मलाही बरं वाटलं. नाही कशाला म्हणू.

शेवटची कुस्ती आमच्या गावच्या गजूची. गजू माझ्याच तालमीतला. समोर जालन्याकडचा एक दणकट गडी. गजूनं पट काढून त्याला खाली घेतला, छातीवर छाती दिली आणि दाबत नेला. एक खांदा टेकला. दुसरा टेकायचा होता. माझा हात अजून आत जात होता. बोटभर जागा होती, पण होती.

आणि वरून भोंग्यातून आवाज आला, "एक वार! दोन वार! तीन वार!"

रज्जाकला सुद्धा कळलं नसेल आपण काय बोललो ते. जन्मभराची जीभ ती. भाव ठरत आला की तिला तेच येतं. पण गजूनं ऐकलं. त्याला वाटलं झालं, कुस्ती आपल्याला दिली. पंचाची शिट्टी वाजली नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्यानं पकड सोडली आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. खालचा जालन्याचा गडी हुशार. त्यानं पडल्या पडल्या गजूचे पाय ओढले, आडवा केला आणि वर बसला. माझा हात गेला नाही. मी शिट्टी वाजवली.

मग जो गोंधळ झाला तो झाला. आमची पोरं आखाड्यात घुसली. दिनकरराव धावत आले. "वस्ताद, कुस्ती आपली होती!"

मी म्हटलं, "शिट्टी कोनाची ऐकली? भोंग्याची का माही?"

"पन पोरानं ऐकलं त सोडलं ना!"

"सोडलं, म्हनून पडला. निकाल जालन्याचा."

निकाल बदलला नाही. मग मी मंचावर चढलो. रज्जाक माइक धरून तसाच उभा होता, तोंड पांढरं पडलेलं. मी माइक त्याच्या हातातून घेतला आणि त्याच माइकवरून सांगितलं, "मी पंच हाय तोपर्यंत हा मानूस या मैदानात बोलनार नाही." तो एवढंच म्हणाला, "बरोबर हाय, वस्ताद." आणि मागच्या शिडीनं उतरून गेला.

मला वाटलं मेहकरला गेला असेल. दंगल मोडल्यावर मी मंडपाच्या मागे गेलो. तिथं पाण्याचा टँकर उभा असतो, पैलवान अंग धुतात. जिंकलेला मंडपातच असतो, त्याच्या गळ्यात हार, त्याच्याभोवती माणसं. टँकरजवळ असतो तो पडलेला. मातीच्या कुस्तीत पडलेला कोण हे सांगावं लागत नाही, त्याच्या पाठीला माती असते. म्हणून पडलेला पैलवान लोकांकडे पाठ करत नाही. गजू टँकरच्या चाकाला टेकून बसला होता, पाठ चाकाकडे. आणि रज्जाक त्याच्यापुढे उकिडवा बसला होता, हातात डबडं.

"पाठ दे इकडं," रज्जाक म्हणत होता.

"नाही देत. जा तू."

"माह्यामुळं लागली ते माती. मलेच धुऊ दे."

गजूनं त्याला दोन शिव्या घातल्या. रज्जाकनं त्या ऐकून घेतल्या आणि डबडं धरून बसूनच राहिला. शेवटी गजू वळला. रज्जाकनं पाणी ओतलं आणि दुपट्ट्यानं घासून पाठ साफ केली. मग गजू आपणहून बोलायला लागला, त्याला पकड सोडताना काय वाटलं, कान कसे एकदम बहिरे झाले. बोलता बोलता रडला. मी तिथून निघून आलो. ती माझी जागा नव्हती.

रज्जाकची मोबाइलवर पैलवानांच्या मुलाखती घ्यायची सवय तिथून सुरू झाली. लोक म्हणतात त्यानं कुठंतरी पाहून नक्कल केली. नक्कल नाही. आमच्या टँकरजवळची आहे ती.

सकाळचा हर्रास झाला की तो मोबाइल घेऊन निघायचा. आज चिखली, उद्या लोणार, कधी बुलढाणा. दंगल कुठं आहे हे त्याला आमच्या आधी कळायचं. पण सुरुवातीला त्याला काही जमायचं नाही. मुलाखत म्हणजे त्याच्या लेखी बोलीच. बुलढाण्याच्या एका दंगलीत मी पाहुणा म्हणून गेलो होतो, तेव्हा समोरच पाहिलं. मोठी कुस्ती मारून पैलवान नुकताच बाहेर आला होता. अजून छाती भात्यासारखी चाललेली. रज्जाकनं मोबाइल त्याच्या तोंडापुढे धरला आणि सुरू, "कसं वाटलं, कोनता डाव, किती दिवसांची मेहनत, खुराक काय, बोला, बोला लवकर, अजून काय?" पैलवानानं तोंड उघडलं आणि सकाळपासूनचं सगळं दूध रज्जाकच्या सदऱ्यावर ओकला.

रज्जाक सदरा पुसत म्हणाला, "खुराक समजला."

घरी गेल्यावर त्याची बायको शमीम काय म्हणाली ते त्यानंच मला सांगितलं. ती म्हणाली होती, "सवाल पूछते हो का बोली लगाते हो? सामनेवाले को सांस तो लेने दो." तो म्हणायचा, माझी पहिली वस्ताद शमीम, दुसरे तुम्ही. दुसरा म्हटलेलं मला काही आवडलं नाही, पण बाईचं बरोबर होतं.

त्यानंतर त्यानं जिंकलेल्यांकडे जाणं कमी केलं. तिथं नेते असतात, फोटो असतात, आणि जिंकलेला पैलवान बोलतो तेही सगळं सारखंच, वस्तादांची कृपा, गावाचं प्रेम. रज्जाक टँकरकडे जायचा. त्याचा नियम ठरला होता. आधी पाठ धुवायची, मग मोबाइल सुरू करायचा. पाठीला माती असलेला पैलवान त्याच्या एकाही व्हिडिओत सापडणार नाही. आणि 'हरला' हा शब्दही सापडणार नाही. "आज खाली आला" म्हणायचा. थकलेल्या मेथीचाच प्रकार तो.

एकदा लोणारकडच्या दंगलीत एक गडी वाईट पडला. लोक ओरडले, ठरवून पडला, कुस्ती विकली. कुस्तीत यापेक्षा मोठी शिवी नाही. गड्याला दगड बसायचे ते वाचले. रज्जाक त्याच्याजवळ जाऊन बसला. पाठ धुतली. मग गडी म्हणाला, "मायले फोन लावता काय? माह्या फोनची बॅटरी गेली." रज्जाकनं व्हिडिओ बंद केला, आपला मोबाइल त्याला दिला आणि टँकरच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

मी त्याला नंतर विचारलं, "काय बोलला तो मायसंगं? ठरवून पडला होता का खरंच?"

"मले काय मालूम वस्ताद? मी पलीकडं होतो."

"मग गेला कशाले इतक्या दूर? अर्धा दिवस मोडून?"

"पाठ धुतली ना," तो म्हणाला.

हळूहळू लहानमोठ्या दंगलींत त्याला माइकही मिळू लागला. लोकांना त्याचं बोलणं आवडायचं. त्याचं नाव झालं. पण आमच्या मैदानात नाही. दर वर्षी पोळ्याच्या आधी तो माझ्या घरी यायचा. ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा, कुठं कोण चांगला लढला ते सांगायचा आणि उठता उठता विचारायचा, "औंदा, वस्ताद?"

मी म्हणायचो, "नाही."

"बरं," म्हणायचा आणि जायचा. रागावलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही. पण सोडणाराही नव्हता. मी एकदा विचारलं, "बाकी सारीकडं बोलतो ना तू? मग इथंच काऊन पाह्यजे?"

तो म्हणाला, "बाकी सारीकडं बोलतो, पन रात्री घरी गेलो का तुमचा माइक आठवते. इथं हाकललं मले. इथं बोललो नाही त मी हर्रासवालाच. माह्या पोराईनं सुद्धा तेच आयकलं हाय, अब्बाले त्या गावातून हाकललं म्हनून."

आमच्या घरातून त्याच्या बाजूनं बोलणं सुरू झालं. बायको म्हणाली, "काऊन इतकं तानता? मानूस चुकते एखाद्या वेळेस."

"चुकते. पन चूक होती ते जिभेची होती. जीभ अजून तेच हाय."

"मग जीभ बदलून आनू काय बाजारातून?" ती म्हणाली.

पुढच्या वेळी रज्जाक आला तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं. "तुले बोलता येते. ते कोनी नाही म्हनत नाही. तुले गप बसता येत नाही. कुस्ती जिथं संपते तिथं तू पाह्यजेच नाही. तिथं फक्त मी, ते दोघं आन माती. तितका वेळ तोंड बंद ठेवून दाखव, मग ये."

"कसं दाखवू?"

"ते तू पाहाय."

तो काय करेल याची मला कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी हर्रास उरकून तो माझ्या तालमीत हजर. पोरं जोर करून लढतीला उतरली होती. रज्जाकनं दाढेखालची लवंग काढली, पुढच्या दातात धरली आणि भिंतीला टेकून बसला. लवंगेचं डोकं ओठांबाहेर दिसत होतं. तोंड उघडलं की पडणार.

पडलीच. पहिल्या जोडीतच एक पोरगं कब्ज्यात आलं आणि रज्जाकच्या तोंडून "एक" निघालं, लवंग मातीत. पोरं लढत सोडून हसायला लागली. रज्जाकनं लवंग उचलली, फुंकली, पुन्हा दातात धरली. मग तो येतच राहिला. दंगल नसेल त्या दिवशी तालीम. पोरांना खेळच मिळाला. मुद्दाम खालच्याला अर्धवट टेकवून धरायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून लवंगेकडे बघायची. तो घामाघूम व्हायचा. लढणाऱ्यापेक्षा जास्त. हात वर जायला लागायचा, तो दुसऱ्या हातानं धरून ठेवायचा. गजूही तिथंच असायचा, त्यानं तर त्याला फार छळलं. पण पाहिजे तर मी शपथेवर सांगतो, लवंग पडली की उचलून पुसून देणाराही गजूच असायचा.

बारकं पोरगं चीत झालं आणि लवंग जागेवर राहिली, असं होऊ लागलं. एका पोळ्याच्या आधी तो ओट्यावर आला, चहा घेतला, उठला. "औंदा" विचारायच्या आधी मी म्हणालो, "करीले लवकर ये. भोंगे बांधायचे हायेत."

त्यानं दुपट्ट्यानं डोळे पुसले की घाम, ते मी बघितलं नाही.

त्या करीला मैदानात गर्दी होती. मंचावर कोणी पुढारी पाहुणे आले होते, नाव सांगत नाही, सांगायच्या लायकीचं नाही. रज्जाक दिवसभर चांगला बोलला. माल म्हणाला नाही, भोपळा म्हणाला नाही. खाली आलेल्याचं नाव, गाव, वस्ताद, सगळं जिंकलेल्याच्या आधी सांगायचा. शेवटची कुस्ती पुन्हा गजूची. गजू आता जुना झाला होता, ही त्याची शेवटचीच दंगल हे सगळ्यांना माहीत होतं. समोर बुलढाण्याचा तरणा गडी.

बराच वेळ काही होईना. मग गजूनं तोच पट काढला. तीच पकड. छातीवर छाती. एक खांदा टेकला. मी खाली बसलो. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, पण बसलो. हात सरकवला. हात गेला.

डफडं थांबलं होतं. माणसं उभी राहिली होती. आणि भोंग्यातून काहीच येत नव्हतं. मी पंचगिरी करताना वर बघत नसे, पण तेव्हा बघितलं. मंचावर दिनकरराव रज्जाकची बाही ओढत होते. पाहुण्यांना त्याच वेळी इनाम जाहीर करायचं होतं, सगळं मैदान बघत होतं ना. पाहुणे खुर्चीतून अर्धे उठले होते. "घे ना बे पाहुन्यांचं नाव, घे ना!" दिनकरराव म्हणत होते, ते माझ्यापर्यंत ऐकू आलं. रज्जाकनं माइकच्या तोंडावर पंजा ठेवला होता. पुढच्या दातात लवंग. तो पाहुण्यांकडे बघत नव्हता, दिनकररावांकडे बघत नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता.

गजूचा श्वास, खालच्याचा श्वास, एवढंच. माझी बोटं आत होती. मग अर्धी आत होती. मग गेली नाहीत.

मी शिट्टी वाजवली. गजूनं तरी सोडलं नाही. मला त्याच्या पाठीवर थाप मारून सांगावं लागलं, "झालं पोरा, झालं." मग तो उठला.

तेव्हा कुठं भोंग्यातून आवाज आला. रज्जाकनं आधी बुलढाण्याच्या गड्याचं नाव घेतलं, त्याच्या गावाचं घेतलं, त्याच्या वस्तादाचं घेतलं. म्हणाला, "आज खाली आला. उद्याचा गडी हाय, नाव ध्यानात ठेवा." मग गजूचं नाव घेतलं. पुढचं कोणाला ऐकू आलं नाही, लोकांनी गजूला उचललं होतं. पाहुण्यांचं इनाम दिनकररावांनी स्वतः माइक घेऊन जाहीर केलं. तेही कोणाला ऐकू आलं नाही. पाहुणे गाडीत बसून निघून गेले.

कमिटी तिथंच जमली. दिनकरराव तापले होते. "पाहुन्यांचा अपमान केला त्यानं. आता पुढं त्याले माइक नाही."

मी म्हटलं, "मग पंचही दुसरा पाहा."

"वस्ताद, तुमीच त काढलं होतं त्याले!"

"मी काढलं होतं. तुमाले काढता येत नाही."

पुढच्या करीला माइक रज्जाककडेच होता. त्याच्या पुढच्याही.

त्या दिवशी कमिटीचं हे सगळं चाललं असताना रज्जाकला निरोप द्यायला मी माणूस पाठवला, तर तो मंचावर नव्हता. टँकरजवळ होता. बुलढाण्याच्या गड्याची पाठ धुऊन झाली होती आणि मोबाइल अजून खिशातच होता. गडी काहीतरी सांगत होता आणि रज्जाक मान हलवत होता.

आता मी दंगलीला जात नाही. गुडघ्यांनी संप केला आहे, पंच माझाच एक शिष्य आहे. रज्जाकला आता लांब लांबहून बोलावणं येतं, जालन्याकडून, खानदेशातून. हर्रास त्याचा भाचा बोलतो. मागच्या महिन्यात मी डॉक्टरकडे मेहकरला गेलो होतो. परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसलो, तेव्हा जालन्याच्या गाडीतून हाक आली, "वस्ताद!" खिडकीत रज्जाक. दाढी पांढरी झालेली, मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेला माइक. आता स्वतःचा माइक बाळगतो.

"कुठं चालला बे?"

"दंगल हाय. गुडघे कसे हायेत?"

"टेकले नाहीत अजून," मी म्हटलं.

गाडी हलली. त्यानं खिडकीतून उजवा हात बाहेर काढून वर केला. "एक वार, वस्ताद!" सगळं स्टँड त्याच्याकडे बघायला लागलं. "दोन वार!" मग त्यानं दाढेखालची लवंग पुढच्या दातात घेतली, ओठ मिटले आणि हात तसाच वर धरून बसला. गाडी फाटकातून बाहेर पडून वळली तरी तो हात खाली आला नव्हता.